ठकीची अंडी

माझ्या थोरल्या भावाला गल्लीत सगळे किल्लीवाला म्हणतात. बाबांनंतर दुकान त्याच्याकडे आलं आणि दुकानावरच्या खोलीतली खोलीभर कॅनरी, म्हणजे गाणारी पिवळी पाखरंही. बाबांच्या नरांचा एक खास सूर होता. घोळत घोळत वर चढायचा आणि शेवटी अलगद खाली बसायचा. बाबा गेले तेव्हा दादा रडला नाही, वर जाऊन तो सूर ऐकत बसला. तो सूर बुडू द्यायचा नाही, एवढंच त्याने आयुष्यात ठरवलं. लग्नाचं ठरवायचं राहूनच गेलं.

सूर रक्तातच असतो, ही त्याची पक्की समजूत. त्यामुळे बाहेरच्या पाखराशी जोडी लावायची नाही. चुलत, मावस, सख्खी, सगळ्यांच्या जोड्या घरातल्या घरात.

"राजघराणं आहे का रे हे?" मी चिडवायची.

"तुला गाण्यातलं काय कळतंय?"

गाण्यातलं मला खरंच काही कळत नाही. पण अंडी वांझोटी निघतात आणि पिल्लं माना टाकतात, हे दिसायला गाणं कशाला कळावं लागतं?

मग भुऱ्या आला. घर सोडून चाललेलं एक गिऱ्हाईक त्याला पिंजऱ्यासकट दुकानात ठेवून गेलं. कोवळा नर, रंग उडालेला, आवाज चरचरीत. दादाने त्याचा पिंजरा वर नेऊन कोपऱ्यात टांगला. आणि दादाची सगळ्यात लाडकी मादी, ठकी, तिथंच भाळली. दादाने निवडलेल्या देखण्या नराला ती चोचीने हाणायची आणि भुऱ्याच्या बाजूच्या जाळीला चिकटून बसायची. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात पिंजऱ्याच्या कड्या मात्र ढिल्या. एका सकाळी दोघं एकाच दांडीवर सापडली, आणि पुढे ठकीने अंडी घातली.

कॅनरीवाले रोजचं अंडं काढून त्या जागी प्लॅस्टरचं ठेवतात. शेवटचं अंडं आलं की खरी सगळी परत ठेवायची, म्हणजे पिल्लं एकदमच बाहेर येतात. दादाने खरी काढली आणि परत ठेवलीच नाहीत. ठकी प्लॅस्टरवर इमानाने बसून राहिली. मला बघवत नव्हतं.

"अरे, निदान एक तरी ठेव."

"भेसळ नकोय मला," तो म्हणाला.

त्याच मोसमात पाखरांमध्ये देवीसारखा रोग आला. डास तो पसरवतात म्हणे. डोळ्यांभोवती फोड, मग धाप, मग पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा गोळा. दादाने दुकान बंद ठेवलं, थेंब थेंब औषध पाजलं, शेवटी तर हात जोडले. सगळी गेली. ठकी घरट्यातच गेली, त्या खोट्या अंड्यांवर. भुऱ्यालाही फोड आले, पण खपली धरून गळून पडले; तो एकटा वाचला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. "रोगाला ओळखून अडवायची ताकद आईबापांकडून येते," त्या म्हणाल्या, "आणि ती प्रत्येकाची वेगवेगळी असावी लागते. तुमच्या पाखरांची सारखीच होत गेली असणार. सगळ्या गल्लीला एकाच किल्लीची कुलपं बसवाल का तुम्ही?"

दादा मान खाली घालून ऐकत होता. मी ठकीचं सांगितलं.

"काही पाखरांत मादी आपल्याहून वेगळ्या ताकदीचा नर निवडते, असं दिसलंय. कशी ओळखते, ते नीट कळलेलं नाही. तुमच्या ठकीचं तेच होतं, असं मी छातीठोक नाही सांगणार."

भुऱ्याची पिसं झडून नवी आली. एकदा मी चहा घेऊन दुकानात गेले, तर दादाने किल्ली घासायचं मशीन एकाएकी बंद केलं. वरून बाबांचा सूर येत होता.

"वाचलंय! आपलं एक वाचलंय!" गुडघेदुखी विसरून तो जिना चढला.

भुऱ्या गात होता. शेजारच्या पिंजऱ्यांतून ऐकून ऐकून त्याने तो सूर उचलला होता, शेवटचं खाली बसणंसुद्धा.

"चांगलं झालं की रे," मी म्हटलं. "एक मादी आण. पिल्लं याच्याकडून शिकतील."

ठकीचं घरटं दादाने अजून काढलं नव्हतं. त्यातली प्लॅस्टरची अंडी त्याने ओंजळीत घेतली.

"ठकीचीही शिकली असती," तो म्हणाला. "ती खरी अंडी मी मोरीत फोडली गं."