चौथा वाटा

चर्चमधल्या पहिल्या बाकाचं डावं टोक बाईंचं. तसं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण तिथे चुकून कुणी बसलंच, तर बाई शेजारी उभ्या राहून इतक्या गोड हसत, की तो माणूस आपणहून सरकून घ्यायचा. रविवारची मिस्सा त्यांनी कधी चुकवली नव्हती. आजारी पडायचंच झालं तर त्या सोमवारी पडत आणि शनिवारी उठत, कारण शनिवारी वेदीवरची पांढरी वस्त्रं धुऊन इस्त्री करायची असत. घरातल्या चादरीला एखादी सुरकुती चालायची, वेदीच्या वस्त्राला नाही.

त्यांचे यजमान बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या बाटल्या मोजता मोजता तडा गेलेली बाटली ते अचूक उचलायचे, आणि ती मोजायची सवय हाडात मुरलेली. टोपलीतली अंडी, जिन्याच्या पायऱ्या, प्रवचनात फादर किती वेळा खोकले, सगळ्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा. घरी मात्र फोरमन बाईच होत्या. हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त बोलून कुणी दाखवत नसे.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत रोज संध्याकाळी दिवा लागला, की रोझरीची माळ म्हटली जायची. माळेचे पाच भाग, प्रत्येकात दहा मणी, आणि घरात माणसंही पाच. लग्नानंतर एकेक मूल बोलायला लागलं तसं बाईंनी वाटे पाडून दिले होते. पहिला वाटा फोरमनचा, दुसरा थोरल्याचा, तिसरा मधल्याचा, चौथा धाकटीचा आणि शेवटचा बाईंचा. ज्याचा वाटा त्यानं दर मण्याला ‘नमो मरिया’ ही प्रार्थना सुरू करायची, अर्ध्यावर आणून सोडायची, आणि पुढची अर्धी बाकीच्यांनी म्हणायची. अर्धी नमो मरिया लोंबकळत ठेवणं म्हणजे या घरात चूल पेटती ठेवून बाहेर निघून जाण्यासारखं होतं.

पोरगे सरळ होते, धाकटी मात्र वल्ली. तिला स्वतःची माळ कधी सापडायची नाही. खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून ती बोटांवर मोजायची आणि हमखास चुकायची. दहा झाल्या तरी गाडी थांबायची नाही, अकरावी सुरू व्हायची. मग फोरमन डोळे न उघडता गरजायचे, “अकरा झाल्या! डझन करतेस काय, बाटल्या आहेत का या?” पोरं फिदीफिदी हसायची, आणि बाई हसू दाबत मण्यांकडे बघायच्या.

पुढे थोरला बोटीवर नोकरीला लागला. जाताना म्हणाला, “मम्मी, माझा वाटा तू म्हणत जा.” मधला लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, तोही तेच सांगून गेला. बाईंनी दोन्ही वाटे आनंदानं अंगावर घेतले. धाकटी मात्र काहीच न सांगता गेली. खरं तर तिला सांगायला वेळच मिळाला नाही.

तिनं चर्चबाहेर लग्न केलं होतं. मुलगा देवाधर्माच्या भानगडीत न पडणारा, पण भला. दोघं सरकारी कचेरीत सह्या करून आली आणि पेढीवर पैसे भरून आल्यासारखी दारात उभी राहिली. वेदीसमोर, आपण इस्त्री केलेल्या वस्त्रासमोर लेक उभी राहील हे चित्र बाईंनी किती वर्षं मनात जपलं होतं! त्या रडल्या, पण त्यांनी दार लावून घेतलं नाही. फोरमननी मात्र आवाज न चढवता सांगितलं, “या घरात पुन्हा यायचं नाही.” आणि बायकोकडे वळून म्हणाले, “तूही तिच्या घरी पाऊल टाकायचं नाही.” बाईंनी होकाराची मान हलवली. नवऱ्याला दिलेला शब्द त्यांच्या लेखी लहान नव्हता.

त्या संध्याकाळी माळ चौथ्या वाट्यापाशी आली. फोरमन थांबले, बाईही थांबल्या. मग बाईंनी तोंडातून अक्षर न काढता एक मणी सरकवला. सावकाश दुसरा.

“अगं, म्हण ना पुढे.”

“तिचा वाटा आहे. तिनं मला दिलेला नाही.”

“मग सोडून दे.”

“उशिरा येणाऱ्याचं ताट मी कधी कुणाला उचलू दिलंय का? झाकून ठेवते. हेही तसंच.”

सहा वर्षं हे असंच चाललं. रोज तीन वाटे आवाजात, चौथा मुक्यानं, पाचवा पुन्हा आवाजात. फोरमन तेवढा वेळ घड्याळाकडे बघत. धाकटीच्या बुटक्या स्टुलावर त्यांनी पाय पसरून ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे तिथे कुणी बसायचा प्रश्नच नको. बाईंनी हे पापनिवेदनात फादरना विचारलंही, की माळेतला एक भाग असा मुका ठेवणं पाप आहे का. म्हातारे फादर म्हणाले, “मला नाही वाटत त्याला मुका म्हणावं.” बाईंना हे पुरलं.

लेकीच्या घरी न जाण्याचा शब्द त्यांनी काटेकोर पाळला. पण धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि दुकानाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. बाईंच्या चष्म्याचे स्क्रू फार वरचेवर ढिले व्हायचे. काउंटरपलीकडून लेक ते आवळायची, अलीकडून आई ख्यालीखुशाली विचारायची. मालक म्हणायचा, “मावशी, नवी फ्रेम घ्या एकदाची.” मावशी म्हणायच्या, “हीच बरी आहे हो.”

त्या थंडीत बाईंचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, आवाज काही उठेना. शेवटी तपासणीत घशात, स्वरयंत्रावर, गाठ निघाली. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. “गाठ काढावीच लागेल. जिवाला धोका नाही. पण आवाज परत येईलच असं मी सांगणार नाही.”

घरी येताना फोरमन बायकोचा कोपर घट्ट धरून चालत होते. बाईंना घशाची भीती नव्हती, माळेची होती. आपला आवाज गेला तर नमो मरिया सुरू कोण करणार? हा गृहस्थ आठवडाभर एकटा म्हणेल, मग एक दिवस म्हणेल उद्या बघू, आणि घरातली माळ कायमची खुंटीला टांगली जाईल. आणि लेक? रोजची ती दहा मण्यांची जागाच तर तिच्यासाठी या घरात उघडी राहिली होती. माळच बंद पडली की तीही गेली. तोंड मिटायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंच्या चष्म्याचा स्क्रू पुन्हा ढिला झाला.

“आज संध्याकाळी माळेला ये,” त्या घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या.

धाकटीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. “पप्पा दारात उभं करणार नाहीत, मम्मी.”

“पप्पांशी बोलायचंच नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहा आणि तुझा वाटा म्हण. तू मरियेशी बोल. मी उत्तर देणार नाही, माझा घसा बसलाय.”

“आणि त्यांनीही दिलं नाही तर?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “अर्धी नमो मरिया तशीच सोडलेली मी त्यांना अजून पाहिलेली नाही.” बोलायला बोलल्या खऱ्या, पण दुकानाचा जिना त्या कठडा धरून उतरल्या.

संध्याकाळी दिवा लागला. पहिला वाटा फोरमननी म्हटला. दुसरा आणि तिसरा बाईंनी खरवडत, थांबत थांबत म्हटला. फोरमन दोनदा म्हणाले, “राहू दे आज, मी म्हणतो,” पण बाईंनी हातानंच नको म्हणून सांगितलं. चौथा वाटा आला. फोरमननी सवयीनं घड्याळाकडे नजर लावली. पाय स्टुलावर होतेच.

“नमो मरिया...” उघड्या दाराबाहेरून आवाज आला.

फोरमनची पाठ ताठ झाली. आवाज अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला. खोलीत इतकी शांतता, की आत स्टोव्हवर सूप रटरटत होतं तेही ऐकू येत होतं. फोरमननी बायकोकडे पाहिलं. बाईंनी गळ्यावर हात ठेवला आणि ओठ घट्ट मिटले. देवा, याला वाचा दे, एवढंच त्या मनात घोकत होत्या.

दाराबाहेर धाकटी वाट बघत उभी होती. तिनं पुन्हा सुरुवात केली नाही, पुढची अर्धीही स्वतः म्हटली नाही. आईचीच लेक ती.

फोरमन खाकरले. मग खिडकीकडे तोंड करून, कुणाला तरी उसने पैसे परत करत असल्यासारखे, रुक्षपणे म्हणाले, “हे पवित्र मरिये...” आणि शेवटपर्यंत नेऊन सोडली.

बाहेरून दुसरी आली. त्यांनी उत्तर दिलं. तिसरीला त्यांचा आवाज थोडा बरा होता, पाचवीला बाहेरचा आवाज फुटला, सातवीला आतला. बाईंना समोरचे मणी दिसेनासे झाले, त्या नुसत्या बोटांनी चाचपत राहिल्या. दहावा मणी सरला. आता वाटा संपवणारी गौरवाची प्रार्थना यायची.

बाहेरून पुन्हा “नमो मरिया” सुरू झाली.

पोरीकडे आजही माळ नव्हती. फोरमनची मोजणी जन्मात चुकली नव्हती, आणि आता ते काय बोलतात यावर सगळं होतं. धाकटी अर्ध्यावर थांबली. फोरमननी ती अकरावीही पुरी केली, एक शब्द न गाळता. मग स्टुलावरचे पाय खाली घेतले. वाकून तळहातानं स्टूल पुसलं, एकदा, आणि पुन्हा एकदा.

“अकरा झाल्या,” ते दाराकडे न बघता म्हणाले. “आत येऊन बस. डझन पुरा कर आता.”

धाकटी आत आली आणि गुडघे छातीशी घेऊन त्या बुटक्या स्टुलावर बसली. बारावी झाली. माळेच्या बाबतीत एका मण्याचीही सूट न देणाऱ्या बाईंनी त्या संध्याकाळी दोन जास्तीच्या बिनतक्रार चालवून घेतल्या.

मग बाईंचा पाचवा वाटा आला. त्यांनी सुरुवात केली. दोन मणी कसेबसे झाले, तिसऱ्याला घशातून नुसती हवा निघाली. त्या घाबरून थांबल्या. पण धाकटीनं अर्धी उचलून घेतली होती, आणि तिची संपते न संपते तोच फोरमननी उरलेली. असं एका बाजूनं ती आणि दुसऱ्या बाजूनं ते म्हणत राहिले. बाई मध्ये बसून एकेक मणी सरकवत होत्या. बोलायची आता त्यांना काही घाई नव्हती.