तराजूबाईंनी छपरवाला पारखला

वजनमापे खात्यात उभी हयात काढलेल्या बाईंना सगळी गल्ली तराजूबाई म्हणायची. तोंडावर नव्हे, अर्थात. गिऱ्हाईक बनून दुकानात शिरायचं आणि काटा मारणाऱ्याला रंगेहाथ धरायचं, यात त्यांचा हातखंडा. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. शेजारच्याच घरात राहणाऱ्या धाकट्या जावेनं दिलेली मिठाईसुद्धा त्यांनी खोक्यातून काढून तोलली होती. तेव्हापासून दोघींचा अबोला.

तर यंदा स्वयंपाकघराचं छप्पर गळायला लागलं. आधी पातेलं मांडलं, मग बादली, आणि शेवटी छपरवाला शोधणं आलं.

"एकजात लबाड असतात," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "आधी पारखून घेते. तुम्ही कपभर कोरा चहा करा."

नवऱ्यानं का, कशाला, काही विचारलं नाही. न विचारण्यानंच त्याचा संसार सुखाचा झाला होता. बाई माडीवरच्या ठणठणीत कोरड्या खोलीत गेल्या, स्टुलावर चढल्या आणि पांढऱ्या तक्तपोशीवर चहात भिजवलेला फडक्याचा बोळा थापला. झकास डाग पडला.

पहिल्या कंत्राटदारानं शिडीला हातही लावला नाही. डागाकडे बघून त्यानं मयताला आल्यासारखा उसासा टाकला. "वासे कुजलेत, बाई. सगळं उतरवायला हवं."

दुसरा निदान वर तरी चढला. फुटकी कौलं हातात घेऊनच उतरला. "बघा, नुसता हात लावला तर ही दशा!" त्यानं ती टाचेनं फोडलेली बाईंनी अंगणातून पाहिली होती. दोघांनाही "कळवते" म्हणून वाटेला लावलं.

तिसरा रोडका, कपाळाला कायमची आठी. तो स्टुलावर चढला, डागाला नाक लावलं.

"इथे मुंग्या कशा?"

"मला काय ठाऊक!"

"पावसाच्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत, बाई. हा चहा आहे. साखरही सढळ हातानं घातलीय."

डॉक्टरांनी नवऱ्याची साखर केव्हाच बंद केली होती. बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. नवऱ्याला अचानक खिडकीबाहेरचं झाड फार आवडायला लागलं.

"ते नंतर बघते," बाई म्हणाल्या आणि छपरवाल्याकडे वळल्या. "तुम्ही पास! काम तुमचं."

"मी नाही करणार."

"का हो?"

"जी बाई छताला चहा पाजते, ती मला काय पाजेल कोण जाणे! मलाही गिऱ्हाईक पारखावं लागतं. तुमची खात्री देणारं आहे का कोणी?"

बाईंनी मनातल्या मनात गल्ली पालथी घातली. वाण्याला दंड केलेला, कापडवाल्याशी गजावरून भांडण झालेलं.

"शेजारी जाऊ आहे," त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

"जाऊ? चालेल की! जाऊ उगाच कौतुक करत नसते."

बाई त्याला घेऊन कुंपणापाशी गेल्या. घसा खाकरला. "अगं, मी माणूस कशी आहे, ते जरा यांना सांगतेस?"

जावेनं हातातली ओली चादर सावकाश पिळली. असा दिवस रोज थोडाच उगवतो! "खरं सांगू?"

"खरंच सांग."

"खडूस आहेत. संशयी तर इतक्या, की स्वतःच्या सावलीचंही वजन करतील."

छपरवाल्यानं शिडी खांद्यावर घेतली.

"थांबा हो, पुरतं ऐका तरी!" जाऊ म्हणाली. "माझ्या बाळंतपणात ह्याच माझ्या उशाशी बसून होत्या. आणि एकदा शब्द दिला, की मोडत नाहीत. मग समोरच्याचा जीव मेटाकुटीला आला तरी बेहत्तर."

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "हे तू आधी का नाही बोललीस गं?"

"तुम्ही मिठाई तोलत होतात ना!"

शिडी लागली. धुराड्याजवळची कौलं सरकली होती, ती छपरवाल्यानं नीट बसवली. दुसऱ्यानं फोडलेलीही बदलली. खाली दोघी जावा माना वर करून सूचना देत होत्या, आणि तो एकही ऐकत नव्हता. पुढच्या सरीला स्वयंपाकघरात थेंब आला नाही.

आता गल्लीत कोणाचं छप्पर गळलं, की लोक बाईंकडे त्याचा पत्ता मागायला येतात. बाई देतात, पण आधी बजावतात, "नीट वागा हो. माणूस चोखंदळ आहे."