वर गेला

सकाळचे साडेआठ वाजले होते. एका शेगडीवर वरणाचा कुकर, दुसरीवर तवा आणि न्हाणीतून आमच्या ह्यांची हाक, "अगं, टॉवेल!" लग्नाला बावीस वर्षं झाली, पण टॉवेल आधी घेऊन आत जावं हे अजून सुचलेलं नाही. पिठाच्या हातानं टॉवेल दारावर टाकते तोच पुढच्या दाराची कडी वाजली. वाजली कसली, कुणीतरी ती धरून हलवतच होतं.

दार उघडलं तर जिवनबाई. आमच्या घरामागच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते. एरवी सेनगावच्या जीपनं येते आणि चूल लावली की माझ्याकडे चहाला डोकावते. आज तांड्यावरून सोयाबीनच्या खुंटांतून आडवी चालत आली होती. दोन्ही पोटऱ्या ओरबाडलेल्या.

"आत या की."

"आत नगं. आधी हे वाचा ताई." तिनं मोबाईल पुढं केला. "शेजारच्या फुलसिंगनं वाचलं सकाळी. पन त्याचं चवथीपर्यंतच झालंय. तुमी बराबर वाचा."

मी वाचलं. 'देविदास काल सकाळी वर गेला. बाकीचे खाली आहेत. पुढचं कळलं की कळवते. प्रतिक्षा.'

देविदास हा जिवनबाईचा एकुलता एक मुलगा. वय एकोणतीस. पुण्यात एका मेसमध्ये स्वैपाक करायचा. तिथं जेवायला येणाऱ्या डोंगर चढणाऱ्या मंडळींनी त्याला आधी सह्याद्रीत नेलं आणि आता बोर्निओ बेटावरच्या एका डोंगरावर. वर्षाकाठी तिकडं दोन-चार गट फिरकले तर फिरकले. नदीतून दोन दिवस होडीनं जायचं, पुढं आठवडाभर जंगल. गेल्या साली पहिल्या मोहिमेत हे लोक अकराव्या दिवशी पावसानं हरून परत फिरले होते. देविदास आला तेव्हा त्याच्या पायांवर जळवांचे डाग होते. जिवनबाईनं त्याला विचारलं होतं, "कोनता देव हाय तिथं?" तो म्हणाला, देव नाही. "मंग काहून चढता रे?" यावर तो नुसता हसला होता. ही दुसरी मोहीम.

मी पुन्हा वाचलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"जिवनबाई, वर म्हणजे डोंगरावर! वरच्या मुक्कामाला गेलाय तो. ही मंडळी असंच बोलतात, वरचा कँप, खालचा कँप."

"मंग डोंगरावर गेला असं काहून न्हाई लिवलं?"

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला.

"मिनाच्या बांगड्या फोडायला बसल्या व्हत्या बायका," ती म्हणाली. मिना म्हणजे तिची सून. "मी म्हनलं, कुनी हात लावायचा न्हाई. ताईकडून वाचून आनते, तवर थांबा."

मी आधी मिनाला फोन लावला. मागं बायकांचा कालवा ऐकू येत होता. "मिना, तो डोंगरावर गेलाय. जिवंत आहे. सगळ्यांना घरी जायला सांग." फोन तसाच चालू राहिला आणि मला तिचं रडणं ऐकू येत राहिलं.

जिवनबाई आता कुठं उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीला टेकून बसली. तांब्याभर पाणी एका दमात प्याली. "फुलसिंगला दाखवते आता. वाचता येतं म्हनून रस्त्यात उभा राहून मोठ्यानं वाचून राहिला, बातम्या दिल्यावानी. अख्खा तांडा गोळा केला मेल्यानं."

मी हसले. तीही जराशी हसली. आणि मग, मी मनात दाबून ठेवलेला प्रश्न तिनंच विचारला.

"ताई, बाकीचे खाली हायेत. मंग सैपाक्या एकटाच काहून वर गेला?"

प्रतिक्षा ही त्या गटाचं पुण्यातलं काम बघणारी मुलगी. तीन वेळा तिनं फोन उचलला नाही, चौथ्यांदा उचलला. आवाज थकलेला होता. गटातले दोघं शिखराकडं गेले होते, ते त्याच संध्याकाळी परतायचे होते. तिसरा दिवस उजाडला तरी पत्ता नव्हता. खाली राहिलेल्यांना ताप. पाऊस थांबत नाही, नदी चढलेली, त्या जंगलात हेलिकॉप्टर उतरायला जागा नाही. शेवटी देविदास तिथल्या एका वाटाड्याला घेऊन, तांदूळ आणि काड्यापेट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर निघाला.

"तुम्ही पाठवलं त्याला?" माझा आवाज चढला.

"नाही हो काकू. तोच म्हणाला. ओल्या लाकडाचा जाळ त्याच्याशिवाय तिथं कुणालाच करता येत नाही."

मी सगळं जिवनबाईला सांगितलं. तिनं आपले हात उलटेपालटे करून बघितले.

"ते म्याच शिकवलं," ती म्हणाली.

सतरा हंगाम तिनं नवऱ्याबरोबर, उत्तमसिंगबरोबर, ऊस तोडला. देविदास फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मला. पहाटे दोघं तोडीला जायची आणि चुलीजवळ पोरगं. अवकाळी पाऊस झाला की सगळ्या कोप्यांत धूर, फक्त जिवनबाईच्या चुलीला जाळ. लाकडाची ओली साल सोलून काढायची, आतल्या गाभ्याच्या बारीक चिरफळ्या करायच्या, त्या आधी पोटाशी धरून ऊब द्यायची आणि मगच काडी ओढायची. आठ वर्षांच्या लेकराला तिनं हे शिकवलं ते भाकरी वेळेवर मिळावी म्हणून. उत्तमसिंग गेल्यावर तिनं फड सोडला आणि शाळेची चूल धरली. आजही पावसाळ्यात गॅसची टाकी संपली की नीलाबाई, तिच्या जोडीची स्वैपाकीण, धुरानं खोकत बसते आणि ही तीन दगडांवर पाऊणशे पोरांची खिचडी उतरवते.

"शिकवलं नसतं तर तो बी खालीच बसला असता, बाकीच्यांवानी," ती म्हणाली. "ताप आल्यावानी करून."

आमच्या ह्यांनी शाळेत जाऊन नीलाबाईला निरोप दिला. मी भाजी-भाकरी वाढली, तिनं ताटाला हात लावला नाही. मोबाईल दोघींच्या मध्ये जमिनीवर. जाहिरातीचा मेसेज आला तरी आम्ही दोघी दचकायचो. कपडे वाळत घालायला म्हणून मी दोनदा अंगणात गेले ते खरं तर तिचा चेहरा बघवेना म्हणून.

दीड वाजता मोबाईल वाजला. मी उचलला.

'देविदासला खाली आणलं. नीट कळलं नाही अजून. फोन करते.'

"खाली आला," मी म्हटलं.

जिवनबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. "ताई, दोन शब्द वाचायला येवढा येळ? लिवलंय तेच वाचा."

मग मी होतं तसं वाचलं.

"आनलं," ती म्हणाली. "आला न्हाई."

पुढचं मला न सांगताच कळलं. आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून खाली घेतात. प्रतिक्षाचा फोन येईपर्यंतची ती सहा मिनिटं मी तिचं मनगट धरून बसले होते.

फोन आला. दोघं सापडले होते. शेकोटीच्या धुरावरून तेच देविदासपर्यंत आले. उतरताना देविदास घसरला, पाय मोडला. बांबूची डोली करून त्याला आणलं. शुद्धीवर आहे. आठवडाभर जंगलातून डोली आणि पुढं दोन दिवस होडी, तेव्हा कुठं दवाखाना.

मी एकेक वाक्य जिवनबाईला सांगत होते.

"हे कोन बोललं?" तिनं विचारलं. "तो बोलला का?"

फोनवर ते ऐकू गेलं. प्रतिक्षानं समजावलं की तिथं मोबाईल चालत नाही, उपग्रहावरून निरोप धाडणारं एक लहान यंत्र आहे, त्यावरून आवाज जात नाही, फक्त अक्षरं. गटातल्या एकानं लिहून पाठवलं.

"म्हंजे कुनी बी लिवू शकतंय," जिवनबाई म्हणाली.

प्रतिक्षा हळूच म्हणाली, "काकू, त्यांना विचारा, देविदासला काही निरोप द्यायचाय का? मी आत्ता पाठवते."

जिवनबाईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही हातांनी तोंडापुढं धरला.

"बाई, ते यंत्र त्याच्या हातात द्यायला सांगा. आन त्याला म्हना, आपल्या तांड्याच्या बोलीतला एक शब्द लिव. कोनता बी चालंल. एकच."