न विचारता आलेल्या एआयपायी अंगठी थांबली

आज वारासिवनीले माह्या भाच्याच्या साक्षगंधात मीच अंगठी थांबवली. काहून ते ऐका.

माही माय लांजीले अंथरुणावर हाय. तिले नातवाचं साक्षगंध पाहाचं होतं, म्हणून व्हिडिओ मी काढणार होती. नवरीनं बोट पुढं केलं, अन् फोन म्हणते जागा नाही. मी सरळ म्हटलं, "थांबा, कोणी अंगठी घालू नका."

नवरीची आई घाबरली. "काय झालं विहीणबाई, पोरगी पसंत नाही काय?"

"पोरगी पसंत हाय. फोन बिघडला."

माह्या पोरीनं फोन पाह्यला. ब्राउझरनं आपल्याच मनानं एआय डाउनलोड करून ठेवला होता, त्यानंच सारी जागा खाल्ली. पोरगी म्हणे, "आई, हा फोनमधीच चालते. नेट नाही लागत, तुह्यं काही बाहेर जात नाही."

"बाहेर जात नाही हे चांगलं. पण आत कोणाले विचारून आला?"

काढला त्याले. मंग अंगठी घातली. सारे हासत होते, ते बी व्हिडिओत आलं. मायनं तीनदा पाह्यला.

कामाचा असन तर ठेवीन बी मी. पण पहिले विचारा न. तुमच्या फोनात आला तेव्हा तुम्ही हौ म्हटलं होतं काय?