म्होरक्या मेंढीचं औषध

मंगळवेढ्याहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा मेंढपाळ माझ्या शेजारी होता. प्रयोगशाळेतून फोन आला: औषध दिलेले आमचे म्हातारे उंदीर पुन्हा चाकावर धावू लागले होते. मला आनंद आवरेना, मी त्यालाच सांगत सुटलो. शरीरातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात, पण मरत नाहीत. शेजारच्या पेशींनाही बिघडवतात. आमचं औषध तेवढ्याच वेचून मारतं.

"उंदरं म्हातारी हायत हे दातावरनं वळखता व्हय?" अंगठ्यानं स्वतःचाच ओठ वर करून त्यानं विचारलं. मेंढीचं वय तो तसंच बघत असणार.

मग जवळ सरकला. "माजं ऱ्हाऊ द्या. कळपाच्या म्होरं चालणारी मेंढी हाय माजी, आता लई दमती. तिला चालंल का?"

"चालेलही, मामा. पण औषध यायला दहा वर्षं तरी लागतील."

तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. त्याचा फाटा आला तेव्हा काठी टेकत हसतच उठला.

"लागू द्या की. तिची नात परवाच जन्मलीया. तवर ती म्हातारी हुईल. तिला द्या."

सोलापूर येईपर्यंत मलाही ती दहा वर्षं फार वाटेनाशी झाली होती.