कपाटातले ग्लोव्ह

जामनेर तालुक्यात बेसबॉल शिकवणाऱ्या माणसाला काय किंमत असते, ते मला विचारा. अकरा वर्षं मी तेच केलं. पहिल्याच दिवशी पालकांचा प्रश्न ठरलेला, "सर, यात दहावीला मार्क किती वाढतात?" पोर पळतं का, त्याला खेळ आवडतो का, याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. एका गृहस्थांनी तर पोराला मैदानावर पाठवलंच नाही, नुसता त्याचा फोटो पाठवला. म्हणे, प्रमाणपत्रावर चिकटवा. मी तो फोटो त्यांच्या हातात परत ठेवला आणि म्हणालो, "ह्याला चेंडू झेलता येत नाही हो, हा कागद आहे." त्यांना राग आला. येऊ दे.

आणि शिकवणारे तरी काय दिव्य! आजूबाजूच्या शाळांत सराव म्हणजे सरांनी निंबाखाली खुर्ची टाकायची, तोंडात शिट्टी धरायची आणि तीस पोरांची रांग लावायची. एक पोर बॅट फिरवणार, एकोणतीस पोरं एकमेकांना टपल्या मारत उभी राहणार. दोन तासांत एकेकाच्या वाट्याला चार चेंडू. ह्याला सराव म्हणायचं असेल तर एसटीची वाट बघणं हासुद्धा खेळच झाला. माझ्या मैदानावर रांग नव्हती. मी मैदानाचे चार कोपरे केले होते. एकात जोडीजोडीनं फेकाफेक, दुसऱ्यात जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू उचलणं, तिसऱ्यात पाइपाचा तुकडा उभा रोवून त्यावर ठेवलेला चेंडू मारणं, चौथ्यात नुसतं बेसवर धावणं. दर दहा मिनिटांनी कोपरा बदलायचा. कुणी रिकामं उभं दिसलं की मी त्याची आई-आजी काढायचो, पण उभं राहू द्यायचो नाही.

धावण्याचा कोपरा मुद्दाम वेगळा केला होता, कारण ह्या पोरांना क्रिकेटनं पार बिघडवून ठेवलेलं. चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळत सुटायची आणि बेसजवळ पोचली की वाकून बॅट टेकवायची. "अरे टाक ती बॅट! इथे पाय लागतो, बॅट नाही लागत!" हे वाक्य मी किती वेळा ओरडलो असेन, देव जाणे.

मुलींच्या संघात एक पोर होती, नववीतून दहावीत गेलेली, केळी-कापसाच्या घरातली. पहिल्या बेसवर ती उभी राहायची. ती जागा सोपी नाही. समोरचा धावत यायच्या आत, कुठूनही कसाही फेकलेला चेंडू तिथल्या खेळाडूनं पकडायचा असतो. ही पोर काहीही पकडायची. वाकडातिकडा, डोक्यावरून जाणारा, पायाशी आदळणारा, सगळा. आणि तेही बहुतेक वेळा उघड्या हातानं.

तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. एकदा ते मैदानाच्या कडेला मोटरसायकल लावून मला सरळ म्हणाले, "राज्याच्या संघात पोरीचं नाव लागलं तं अकरावीले जळगावले ठेवतो, हॉस्टेलवर. नाही लागलं तं ती घरी राहीन. मंग माह्याकडे येऊ नका, सर." आबा मारकुटे नव्हते, खोटंही बोलणारे नव्हते. म्हणूनच मला त्या शब्दांची भीती वाटली. निवड चाचणी धुळ्याला होती आणि हाताशी चार महिने होते.

आता उघड्या हातानं का, ते ऐका. शाळेत बारा ग्लोव्ह होते. अस्सल चामड्याचे, नवे कोरे, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. ते मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मांडलेले आणि किल्ली साहेबांच्या खिशात. दसऱ्याला ते बाहेर काढायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, फोटो काढायचा आणि परत कपाटात. "खराब होतील हो," साहेब म्हणायचे, "मॅचच्या दिवशी देऊ ना!" मी त्यांना हात जोडून सांगितलं की साहेब, ग्लोव्ह म्हणजे पैठणी नाही. त्याला तेल लावावं लागतं, रोज चेंडू खाऊ घालावा लागतो, तेव्हा कुठे दोन-तीन महिन्यांनी चामडं मऊ पडतं आणि हाताबरोबर मिटतं. कोरा ग्लोव्ह म्हणजे हाताला बांधलेला पाट. साहेब हसले. ह्या माणसानं आयुष्यात हातात काही झेललं असेल तर तो सत्काराचा नारळ. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, तरी किल्ली काही खिशातून निघाली नाही.

मग आम्ही दोन फाटके ग्लोव्ह आणि रबरी चेंडू यांच्यावर निभावलं. माझा स्वतःचा ग्लोव्ह होता, कॉलेजात खेळायचो तेव्हाचा. वीस वर्षं तेल पिऊन लोण्यासारखा झालेला. चेंडू कसा झेलायचा ते दाखवताना मी तोच घालायचो आणि दाखवून झालं की पुसून पिशवीत ठेवायचो. एकदा ती पोर म्हणाली, "सर, मले एकडाव घालू द्या ना." मी म्हणालो, "हात लावायचा नाही. घामानं वाट लावाल तुम्ही." ती बरं म्हणाली आणि पळत आपल्या कोपऱ्यात गेली.

धुळ्याच्या मैदानावर सकाळी साहेब स्वतः आले. इस्त्रीचा सफारी, सोबत शिपाई, शिपायाच्या डोक्यावर खोकं. मुलींना ओळीत उभं करून एकेकीला ग्लोव्ह देताना फोटो झाले. प्लास्टिकच्या पिशव्या साहेबांनी घडी करून परत खोक्यात ठेवल्या, मॅचनंतर लागतील म्हणून. मला शरम वाटली, हसूही आलं. आमचे फाटके दोन ग्लोव्ह बरे दिसत नाहीत म्हणून ते साहेबांनी गाडीच्या डिकीत टाकायला लावले.

मॅच सुरू झाली. पहिलाच चेंडू तिसऱ्या बेसवरून आला, सरळ, छातीच्या उंचीवर. ही पोर तो डोळे मिटून पकडायची. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला, ग्लोव्ह मिटलाच नाही, चेंडू खाली. दुसऱ्या डावात तेच. निवड समितीतले दोघं एकमेकांकडे बघून कागदावर काहीतरी लिहीत होते. मी बाकावर बसून रागानं माझ्या ग्लोव्हमध्ये मूठ आपटत होतो आणि साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. चौथ्या डावात तिसरा चेंडू सुटला. तेव्हा मात्र मी उठून भर मैदानात ओरडलो, "बोटं मिटता येत नाहीत का गं? चार महिने माती खाल्ली का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली. मग चेंडू उचलून फेकून दिला आणि परत बेसवर जाऊन उभी राहिली.

दुपारी यादी वाचली. तिचं नाव नव्हतं. माझ्या ओळखीचे एक निवडकर्ते मला म्हणाले, "पोरगी पळते छान, पण हात कच्चे आहेत हो." कच्चे! मी त्यांनाही चार शब्द सुनावले. साहेबांना तर त्यांच्या गाडीजवळ शिपायासमोरच सुनावले. तुमच्या कपाटानं पोरीचं वाटोळं केलं, म्हणालो. मला फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. माझी पिशवी तिनं मांडीवर घेतली होती, नेहमीसारखी. पारोळा गाव मागे पडलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तं खेळत नव्हते. मंग ग्लोव्ह तुमच्या हातात कशाले होता?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी कंडक्टरकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. तो ग्लोव्ह तिच्याच मांडीवरच्या पिशवीत होता. दिवसभरात तो काढून तिच्याकडे टाकायला मला किती वेळ लागला असता? पण तसं मनातसुद्धा आलं नव्हतं, कारण तो माझा होता आणि खराब झाला असता.

जामनेरला आबा स्टँडवर उभे होते. "लागलं का नाव?" त्यांनी विचारलं.

मी सुरू केलं, "आबा, ग्लोव्ह कोरे होते हो. मुख्याध्यापकांनी कपाटात..."

"नाही आबा," पोर मध्येच म्हणाली, "बॉल माह्याच हातून सुटला."

तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि मोटरसायकलवर मागे बसली. मी आबांना खरं काय ते सांगू शकलो असतो. गाडी सुरू व्हायला दोन-तीन किका लागल्या, तेवढा वेळ होता. मी पिशवी खांद्याला लावली. जूनमध्ये हॉस्टेलच्या यादीत तिचं नाव नव्हतं.