काडीच्या मापाचे बूट

नागपूरहून सौंसरला निघालेल्या बसमध्ये खिडकी मिळाली, पण तिचा उपयोग नव्हता. मांडीवर पिशवी, पिशवीवर पेढ्यांचा पुडा आणि त्यावर बुटांचा खोका. शेजारच्या आजीबाईंनी सावनेरपर्यंत दम धरला, मग विचारलंच.

"यात काय हाय वो बाई?"

"भाचीसाठी धावायचे बूट. पोलीस भरतीची दौड (धावण्याची चाचणी) आहे तिची."

"पोरगी पोलीस होऊन राहिली? मंग खोका पडू नोका देऊ!" असं म्हणून त्यांनी खोक्याचा एक कोपरा स्वतःच धरला, तो लोधीखेड्याला उतरेपर्यंत सोडला नाही.

या भागात बाजाराला जाणारा माणूस घरच्यांच्या पायाएवढ्या काड्या तोडून खिशात घालतो. त्या मापावर चपला घेतो. दिवाळीत माझी बहीण शोभा पुण्याला आली, ती प्रज्ञाच्या पायाएवढी पऱ्हाटीची (कापसाच्या झाडाची) काडी रुमालात गुंडाळूनच. मागच्या भरतीत प्रज्ञा भावाच्या ढगळ बुटांत चिंध्या कोंबून धावली आणि शेवटच्या फेरीत मागे पडली. यंदाची दौड पंधरवड्यावर आली होती. पुण्याच्या झगमगीत दुकानात मी बुटात काडी घालून बघितली. विक्रेता हसला, मी नाही हसले. गुलाबी पट्ट्यांचे, चांगले महागाचे बूट घेतले आणि स्वतःवर जाम खूश झाले.

सौंसरच्या स्टँडबाहेर संत्र्यांचे ढीग लागले होते. प्रज्ञा धावतच आली. "जय भीम, मावशी!" पुढचं बोलणं होण्याआधी तिथल्याच बाकावर खोका उघडला गेला. तिने बूट छातीशी धरले. रात्री शोभाने सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) केली, आणि जेवतानाही पोरीची नजर दाराशी ठेवलेल्या बुटांवर होती.

सकाळी मी शाल गुंडाळून तिच्यासोबत मैदानावर गेले. धुकं होतं. पहिली फेरी ती हरिणीसारखी गेली. दुसऱ्या फेरीत आंबट संत्रं दाताखाली आल्यासारखा चेहरा झाला.

"बूट कसे आहेत गं?"

"एकदम सही, मावशी!"

घरी मात्र ती माझ्याकडे पाठ करून पाय धुवायला बसली. मी मुद्दाम वळसा घालून पुढे गेले. दोन्ही करंगळ्या सोलल्या होत्या. पाण्याने झोंबत असणार, तरी ती भराभर पाणी ओतत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या दुरून मांडीवर घेऊन आली. कसं सांगू मी तुले?"

मला तिचा राग आला, तरी तिथेच, त्या मोरीच्या कडेला, मी तिच्याशेजारी टेकले. माझं मन राखायला ही पोरगी त्याच पायांनी दौडीला उभी राहिली असती आणि पुन्हा मागे पडली असती.

"काडी तं बरोबर होती!" शोभा पुन्हा पुन्हा म्हणत होती. काडी बरोबरच होती. पण तिने लांबी सांगितली, रुंदी नाही. कपाशीच्या तासांतून (ओळींतून) अनवाणी वाढलेला प्रज्ञाचा पाय बोटांपाशी ऐसपैस पसरलेला, आणि माझे बूट पुढून निमुळते.

करंगळ्या सुकल्यावर आम्ही पांढुर्ण्याला निघालो, तेही दिवसभर कापूस वेचून झाल्यावर. "दमलेला पाय पसरते. तवाच नाप (माप) घेऊ," प्रज्ञा म्हणाली. मोहगाव मागे पडलं तेव्हा मी तिला बजावलं, "आज लाजायचं नाही. जिथे लागेल तिथे बोंब मारायची."

तिने ते फारच मनावर घेतलं. "हा इथं चावून राहिला." "याची टाच निघते." "हा तं दगडच हाय." दुकानदार खोक्यांच्या ढिगाऱ्यामागे दिसेनासा झाला. शेवटी तिने पुरुषांच्या फळीवरचा एक राखाडी, साधा जोड मागितला.

"बेटा, ते जेन्ट्सचे आहेत."

"पायाले काय मालूम, काका?"

तिने धावताना घालायचे मोजे चढवले, नाड्या बांधल्या, बोटांपुढची जागा अंगठ्याने दाबून बघितली आणि कुणी काही म्हणायच्या आत रस्त्यावर धावत सुटली. "अवो बाई, पोरगी बूट घेऊन पळाली!" दुकानदार ओरडला. मी मात्र बिनघोर होते. पेरूच्या गाडीला वळसा घालून ती परत आली, तेव्हा चेहऱ्यावर आंबटपणाचा मागमूस नव्हता. बूट मी आणलेल्या जोडापेक्षा कितीतरी स्वस्त आणि दिसायला अगदीच ओबडधोबड होते. मी लगेच पिशवीतून पैसे काढले.

परतताना गुलाबी बूट माझ्याच पायांत होते. आम्हा मावशी-भाचीचे पाय लांबीला सारखे, आणि माझे अरुंद. नागपूरच्या गाडीत बसले तरी मन मैदानावरच होतं. मायेने आणलेली वस्तू चावत असली तरी "चावते" म्हणायचं नाही, हे पोरींना कोण शिकवतं? कुणी मुद्दाम शिकवत नाही. आमच्याकडे बघूनच शिकतात त्या.

दौडीच्या दिवशी मी पुण्यात टेकडी चढत होते, तेव्हा फोन आला. मागे शोभाचा रडका-हसरा आवाज.

"मावशी, दौड निघाली! पास झाली मी!"

डोळे पुसत मी पहिलं काय विचारावं? "पाय दुखले का गं?"

"हो, लय दुखले," ती ठणकावून म्हणाली. "पण बुटानं नाई. धावून."